आईचे आठ चिंचोके

मे महिन्याचा तिसरा आठवडा. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे. शेजारच्या काकूंचा सकाळीच फोन आला, "आईचं काही बरं दिसत नाई, ये लवकर." अमरावतीहून निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, सगळा रस्ता तापलेल्या तव्यासारखा. पोचले तेव्हा आई पलंगावर बसून चंद्रीला बांधायचं दावं शोधत होती. चंद्री गाय विकून तीस वर्षं झाली. मला तिनं मावशीच्या नावानं हाक मारली. मावशीला जाऊनही आता सात वर्षं होतील.

जमलेल्या मंडळींचं एकमत झालं होतं: बुढीचं डोकं गेलं. एका ठिकाणी नेऊन दाखवलं, तिथं "वयानं होतंच" म्हणून झोपेची गोळी लिहून मिळाली. ती मी दिली नाही. तीन दिवसांपूर्वी जी बाई फोनवर मला कैरीच्या लोणच्यातलं मोहरीचं प्रमाण सांगत होती, तिचं डोकं तीन दिवसांत कसं जाईल, हा एकच प्रश्न मनात घोळत होता. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी तिचं तोंड उघडायला लावलं. जीभ कोरडी ठक्क, मधे भेगा. मग त्यांनी विचारलं, "लघवीला शेवटच्या कधी गेल्या होत्या?" घरातल्या एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

सलाईन लागलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्याचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे आई म्हणाली, "चहा ठेव वं. अन् या खोलीत पंखा काहून बंद हाय?"

•

त्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी चढतो. जे तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतं, सकाळी कमी असतं आणि संध्याकाळी वाढतं, तो भ्रम. म्हाताऱ्या माणसात त्याची कारणं पुष्कळदा साधी निघतात: अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम बिघडणं, एखादं नवं औषध. कारण सापडलं की माणूस बहुतेकदा परत येतो, पण थांबून राहिलं तर धोका. म्हणून "डोकं गेलं" म्हणण्याआधी जीभ बघायची आणि लघवीचा रंग विचारायचा. हातावरची कातडी चिमटीत धरून बघण्याचा उपयोग नाही, म्हातारपणी ती तशीही सैलच असते.

•

भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-साडेसात माणसांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. बायांमध्ये जास्त, खेड्यांत जास्त. त्यांतल्या किती जणींना घरचे नुसतं "बुढी चळली" म्हणून सोडून देत असतील, या विचारानं पोटात कालवतं.

•

तहानेबद्दल वाचलं. १९८४ सालचा एक प्रयोग वैद्यकाच्या पुस्तकांत अजून सांगितला जातो. ६७ ते ७५ वयाचे सात धडधाकट पुरुष आणि विशी-तिशीतले सात तरुण, सगळ्यांना २४ तास पाणी बंद. नंतर पाणी पुढं ठेवलं तेव्हा तरुण घटाघटा प्यायले. म्हाताऱ्यांच्या रक्तानं कोरड पडल्याची खूण दाखवली होती, तरी त्यांना फारशी तहान लागली नव्हती आणि ते प्यायलेही कमी. म्हणजे "तहान लागली की पितो" हा नियम सत्तरीनंतर चालत नाही. तहानेची घंटा वाजवणारा मेंदूतला भागच आळसावलेला असतो. शिवाय अंगातल्या पाण्याचा साठा तरुणपणी साठ टक्क्यांच्या आसपास, तो उतारवयात पन्नासावर येतो. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणं पूर्वीसारखं जमत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. आणि वर आपला वऱ्हाडचा उन्हाळा.

अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी कमी झालं तरी तरण्या माणसाचंसुद्धा लक्ष विचलित होतं. आईचं वजन ४६ किलो. दोन टक्के म्हणजे एक लिटरसुद्धा नाही. कूलरसमोर बसून दुपारभरात तेवढं उडून जातं.

•

तिला विचारलं, पाणी का पीत नव्हतीस? आधी बोलली नाही. मग म्हणाली, "पानी पेऊन काय करू, रातभर उठाच लागते."

तेव्हा उठले आणि तिच्या वाटेनं चालून पाहिलं. पलंगापासून संडासापर्यंत सत्तावीस पावलं. मधे उंबरठा. मग अंगण, अंगणात शहाबादी फरशी, कडेला एक फरशी उचकटलेली. संडासाचा दिवा गेलेला, कधी गेला ते कोणालाच आठवत नव्हतं. दोन्ही गुडघे दुखणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई रात्री दोन वाजता ही सत्तावीस पावलं चार वेळा चालायची नाही म्हणून दिवसभर तोंड कोरडं ठेवत होती. तिनं हिशेब बरोबर केला होता. चुकलं होतं ते घराचं.

दिवा लावला. फरशी बसवली. भिंतीला दोन जागी धरायला दांडे ठोकले आणि पलंगाशेजारी रात्रीपुरती खुर्चीची सोय केली. सगळ्याला मिळून दीड दिवस लागला. मेंदूसाठी काय प्यावं हे शोधायला मी निघाले होते, पण पहिलं काम निघालं गवंड्याचं आणि वायरमनचं.

•

किती प्यावं? युरोपातल्या पोषणतज्ज्ञांनी वृद्धांसाठी घातलेलं माप असं: बाईला दिवसाला किमान १.६ लिटर पातळ पदार्थ, पुरुषाला २ लिटर. त्यात चहा-दूध-ताक सगळं धरलेलं. अर्थात ते थंड मुलखातलं माप, आपल्याकडे मे महिन्यात त्यावर आणखी दोन-तीन गिलास. मात्र ज्यांचं हृदय कमजोर आहे, पायांवर सूज आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांचं माप डॉक्टरच ठरवणार. हे मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं आहे, कारण शेजारच्या काकांना हृदयाचा त्रास आहे आणि आईचं ऐकून तेही गिलास मोजायला लागले होते.

•

आंबील. आई आता रोज सकाळी घेते. तिच्याच सांगण्यावरून करायला शिकले.

रात्री दोन मुठी ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी त्याला बारीक बुडबुडे येतात, नाकाला आंबूस वास लागतो. गंजात पाणी उकळायला ठेवायचं, ठेचलेला लसूण आणि जिरं टाकायचं, मग भिजलेलं पीठ हळूहळू सोडत हाटत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. दहा मिनिटांत ते चकाकायला लागतं, चमच्यावरून एकसंध उतरतं. निवल्यावर वरून ताजं ताक, कोथिंबीर. आईच्या लहानपणी उन्हाळ्यात वावरात जाताना घागरीत हेच जायचं. तेव्हा वऱ्हाडच्या ताटात ज्वारीच होती, गहू सणाला.

पाणी, थोडं मीठ, धान्याची ताकद आणि आंबवलेपण एका वाटीत. यानं मेंदू तल्लख होतो असा दावा मी करणार नाही. पण नुसतं पाणी पुढं केलं की नको म्हणणारी आई आंबिलीची वाटी तळापर्यंत पुसून घेते, आणि वाटीभर आंबील म्हणजे वाटीभर पाणीच की. शिवाय ते दाट असतं. काही वृद्धांना, विशेषतः स्मृतिभ्रंश पुढं गेलेल्यांना, पाण्यासारखं पातळ घशात चुकून श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, त्यातून न्यूमोनिया होतो. अशांना दाटसर पेय सोसतं असं डॉक्टर सांगतात. ठसका वारंवार लागत असेल तर मात्र घरी अंदाज करत बसू नये, दाखवून घ्यावं.

•

ताकात मीठ बेतानं. एक सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा तेवढीच.

मिठावरून मामाचं गाव आठवलं. दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला हा पट्टा. जमीन काळी, कसदार, आणि खाली विहिरीला लागतं ते खारं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामी विहिरीच्या पाण्याचा चहा करायची नाही. नदीच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीनं भरलेलं पाणी पाहुण्यांच्या चहाला राखलेलं असायचं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि लहान असताना आम्ही ते पाणी तोंडात घेऊन थुंकायचो. मोठी माणसं मात्र तेच प्यायची. सवय झाली, म्हणायची.

आता वान धरणावरून, शहानूरवरून गावोगाव नळयोजना आल्या. पण नळ चार-चार दिवस येत नाही तेव्हा बोअरचंच पाणी वापरलं जातं, किंवा पैसे देऊन जारचं. मेंदूचा आणि या खाऱ्या पाण्याचा संबंध रक्तदाबातून येतो. २०१९ साली अमेरिकेतल्या ९,३०० हून जास्त लोकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. वरचा रक्तदाब १२० च्या खाली राखलेल्या गटात स्मृती मंदावण्याची सुरुवातीची पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. ज्या मुलखात पाण्यातूनच मीठ पोटात जातं, तिथल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब वर्षातून दोनदा तरी कोणी मोजावा, आणि घरात गोडं पाणी थोडंच आलं तर ते आधी त्यांच्या माठात पडावं. मेंदूच्या आरोग्याबद्दल बोलताना वऱ्हाडात गोड्या पाण्याचा नळ ही पहिली गोष्ट बोलायला हवी, असं माझं पक्कं मत आहे.

•

चहा. आई दिवसाचे पाच घ्यायची, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पन्नास ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची बाहेरची हद्द तेवढीच सांगतात, आणि निम्म्यावर राहावं म्हणतात. मधुमेह हा स्मृतिभ्रंशाकडे नेणारा एक ठरलेला रस्ता आहे. आता चहा तीन, साखर अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. जेवणाला लागून चहा बंद केला, कारण त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पण चहा सोड म्हणायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. चारच्या चहाला तीन जणी ओट्यावर येतात. कोणाची सून, कोणाच्या कपाशीला बोंडअळी, कोणाच्या नातवाचं लग्न, तासभर चालतं. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यांत एकटेपण आहे, ऐकू न येणंही आहे. ही सगळी कारणं हटवली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील असा त्यांचा हिशेब. चारच्या चहात चहापत्तीपेक्षा त्या तीन जणींचा गुण जास्त असावा. त्यांतली एक बहिरी होत चालली आहे आणि हल्ली तिचं येणं कमी झालंय. तिच्या मुलाशी कानाच्या यंत्राबद्दल बोलायचं आहे.

•

कॉफी आमच्याच अमरावती जिल्ह्यात पिकते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. चिखलदरा, मेळघाट, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरवर. महाराष्ट्रात कॉफीचा मुलूख म्हणावा असा तेवढाच. परतवाड्यावरून घाट चढलं की हवा बदलते, आणि सावलीच्या झाडांखाली कॉफीची गर्द, तकतकीत पानं दिसतात.

कॉफीवरचे अभ्यास पुष्कळ. फिनलंडमधला २००९ चा प्रसिद्ध आहे. १,४०९ लोकांचा २१ वर्षं माग ठेवला. मध्यमवयात रोज तीन ते पाच कप पिणाऱ्यांत स्मृतिभ्रंश ६५ टक्क्यांनी कमी आढळला. पुढं २०२१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींतून उलटी बाजू आली: सहा कपांच्या वर पिणाऱ्यांत धोका ५३ टक्क्यांनी जास्त. दोन्ही नुसत्या निरीक्षणाचे अभ्यास. कॉफीनंच झालं, की कॉफी पिणाऱ्यांच्या राहणीमुळे, ते त्यातून ठरत नाही. म्हणून मी एवढंच घेतलं: ज्याला आवडते त्यानं सकाळी एक-दोन कप प्यावी, दुपारनंतर नको. कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, आणि झोप मोडली तर मेंदूचं नुकसान नक्की. आईला आवडत नाही. विषय संपला.

•

संत्र्यांबद्दल मात्र मला ममत्व आहे. वरूड-मोर्शीचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास, मृग बहार फेब्रुवारी-मार्चला. इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठानं २०१५ मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या ३७ निरोगी माणसांना आठ आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला. ज्या रसात फ्लॅव्हनोन हे संत्र्यातलं द्रव्य जास्त होतं, तो पिताना एकूण बौद्धिक चाचण्या थोड्या बऱ्या आल्या. छोटा अभ्यास, पण आपल्या फळाचा, म्हणून जपून ठेवावासा वाटतो.

अडचण अशी की अर्ध्या लिटर रसात पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर. मधुमेह्याला ते कसं द्यावं? आणि संत्र्यातलं मुख्य फ्लॅव्हनोन, हेस्पेरिडिन, सर्वांत जास्त असतं सालीखालच्या पांढऱ्या धाग्यांत, जे आपण निगुतीनं सोलून फेकतो. म्हणून आईला मी फोडीच देते, धाग्यांसकट. ती चोखते, चोथाही खाते.

•

दूध. आई जन्माची शाकाहारी, मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन, पित्तासाठी गोळी. तिन्ही गोष्टी बी-१२ कमी करणाऱ्या. बी-१२ कमी झालं की विसराळूपणा, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, आणि हे सगळं थेट स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्या माणसांतल्या या कमतरतेवर कित्येक वर्षं काम केलं आहे. शाकाहारी घरात बी-१२ येतं ते दूध, दही, ताक यांतूनच. पण दिवसाचं एक कप दूध पुरणार नाही, आणि उतारवयात जठराचं आम्ल कमी झालं की अन्नातलं पूर्ण शोषलंही जात नाही. रक्त तपासून घेतलं. कमीच निघालं. इंजेक्शनं सुरू केली. दूध आहेच, रात्री न देता संध्याकाळी पाचला देते, म्हणजे रात्रीचं उठणं वाढत नाही.

हळद घातलेलं दूध तिला आवडतं, घेऊ दे. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं जातं. ब्राह्मीचं सरबत एका नातेवाइकानं आणून दिलं. बाटलीवर साखर पहिल्या क्रमांकावर लिहिलेली होती, परत केली.

•

भर उन्हाळ्यात औषधाच्या दुकानात ओआरएस मागितलं तर कागदी डब्यातलं गोड पेय हाती ठेवायचे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) असल्या पेयांवर ओआरएस हे नाव लावायला मनाई केली. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं, लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. पुडी नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे जुलाब-उलट्यांसाठी, रोज पिण्यासाठी नाही.

•

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पितरांच्या नावानं घागर भरतो. नवी मातीची घागर, त्यात वाळा, वर खरबूज किंवा आंबा. यंदा ती भरली तेव्हा आई शेजारीच पाटावर बसली होती. तिला त्या दिवशी किती पाणी मिळालं होतं, ते मी विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिची जीभ बघावी लागली.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. दशसूत्रीत भुकेल्याला अन्न झालं की लगेच दुसरं सूत्र तहानेल्याला पाणी. ऋणमोचनला पूर्णाकाठी घाट बांधताना उन्हात राबणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. अकोल्यात, अमरावतीत चौकाचौकात पाणपोया लागतात, ओल्या पोत्यात गुंडाळलेले माठ, साखळीला बांधलेला गिलास. घरातल्या पलंगावर बसलेलं माणूस त्या माठापर्यंत पोचत नाही.

•

चिंचोक्यांची कल्पना आईची. दोन वाट्या. सकाळी डावीकडच्या वाटीत आठ चिंचोके. गिलासभर काही प्यायलं की एक उचलून उजवीकडे. पाणी, ताक, पन्हं, आंबील, काहीही चालेल. सहाच्या आत सहा झाले पाहिजेत, रात्रीसाठी दोनच उरवायचे. लहानपणी ती चिंचोक्यांनीच खेळायची, म्हणून हाताला ओळखीचे. औषधाच्या वेळा ती विसरते, चिंचोके विसरत नाही.

मृगाचा पहिला पाऊस आज आला. संध्याकाळी अमरावतीहून तिला फोन केला. म्हणाली, "सहा झाले. सातवा आता घेतो, ताकाचा. थो दिवा तेवढा फडफडून रायला, वायरमनले सांगजो."

उद्या सकाळी त्याला फोन करायचा आहे.